पहिल्या क्रमांकाचं पान

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत माझी सगळी नोकरी सरली. "गाडी कधी लागेल", "ही कुठे जाईल" आणि "ती गेली का हो" या तीन प्रश्नांची मी इतकी वर्षं उत्तरं दिली, की निरोप समारंभात "दोन शब्द बोला" म्हटल्यावर माझ्या तोंडून फलाट क्रमांकच निघायचा बाकी होता. स्वभाव तापट. तोच प्रश्न कुणी दुसऱ्यांदा विचारला की मी काचेवर पेन आपटायची. पण या बाईने चुकीची गाडी सांगितली, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

निवृत्तीनंतर नाशिकच्या गंगापूर रोडच्या घरात दोन महिन्यांतच मी सगळ्यांच्या डोक्याला ताप झाले. कोण कुठे निघालं, कशाने जाणार, कधी पोचणार, सगळी चौकशी मीच सुरू केली. शेवटी भाचीने मला एक काम शोधून दिलं. लोक इंटरनेटवर काहीतरी शोधतात आणि सर्च इंजिन त्यांच्यापुढे पानांची यादी ठेवतं. ती यादी बरी आहे की वाईट, हे मराठी कळणाऱ्या माणसाने घरबसल्या ठरवायचं. गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही आणि कामात आलेले प्रश्नही इथे थोडे बदलूनच लिहिते.

आधी एक जाडजूड नियमपुस्तक आलं आणि त्यावर परीक्षा. मी चष्मा पुसून कुरकुरत वाचायला बसले आणि चार पानांतच गप्प झाले. विचारणाऱ्याला नेमकं काय हवं आहे, हे आधी ओळखा. पान लिहिणाऱ्याला त्या गोष्टीचा स्वतःचा अनुभव आहे का, ते बघा. दिसायला छान आहे म्हणून भुलू नका. पान विश्वासाचं नसेल तर त्याच्या बाकीच्या गुणांना काही किंमत नाही. हे सगळं मी खिडकीत न शिकता करत आले होते आणि इथे कुणीतरी ते कलमं पाडून लिहून काढलं होतं. मला फार भारी वाटलं.

मग प्रश्न येऊ लागले. गाय अचानक दूध का आटवते. नागलीच्या कणसावर काळं पडलंय. सासूशी कसं बोलावं. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. खिडकीशी येणारा माणूस निदान तोंड दाखवायचा. इथे नुसता प्रश्न यायचा, नाव नाही, गाव नाही. शेजारणीला जे विचारायची लाज वाटते, ते लोक या यंत्राला विचारत होते, आणि ते यंत्र क्षणात कुठल्या कुठल्या पानांतून निवडून दहा पुढे ठेवत होतं. कोण कुणाच्या पानाकडे बोट दाखवतं, कोणतं पान नुसती नक्कल आहे, कोणतं जुनं झालंय, हे सगळं ते आधीच वाचून बसलेलं असतं म्हणे. मी कितीतरी वेळ हात हनुवटीखाली धरून नुसती बघत राहायची. कामाला मिनिटं ठरलेली होती, त्यामुळे सुरुवातीला बोलणीही खाल्ली.

एके दिवशी प्रश्न आला: "नाशिकहून सुरगाणा संध्याकाळी जायला काय मिळेल". मी खुर्चीत सरसावून बसले. हा तर माझ्या घरचा प्रश्न! त्या कामात दोन याद्या शेजारी शेजारी दाखवतात आणि कोणती चांगली ते विचारतात. एक जुन्या पद्धतीची असते, एक नव्या, कोणती कुठली ते सांगत नाहीत. उजव्या यादीत सगळ्यात वर एका प्रवासी संकेतस्थळाचं वेळापत्रक होतं. आखीव रकाने, लाल गाडीचा फोटो आणि सुरगाण्यासमोर दुपारचे साडेचार. साडेचारची गाडी मी स्वतः माइकवरून कितीदा पुकारली होती.

डाव्या यादीत सगळ्यात वर एका जीपवाल्याचं पान. जीपचा वाकडा फोटो, त्याखाली पाच-सहा ओळी. "टाइम फिक्स नाय. सीट भरली की निघते. बाजाराच्या दिवशी लवकर भरते. शेवटची दिवस मावळायच्या आत. पावसात घाट बंद असला तर आधी फोन करा." आणि फोन नंबर. माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर या जीपवाल्यांनी माझे प्रवासी फलाटावरून हाताला धरून पळवले होते. उजवी यादी खूपच चांगली, असं मी ठोकून दिलं आणि शेऱ्यात लिहिलं, "ज्याला स्वतःची वेळ सांगता येत नाही, ते पान पहिल्या क्रमांकावर शोभत नाही." दुसऱ्याला शहाणपण शिकवल्यावर येतो तसला आनंद मला झाला.

त्याच आठवड्यात शेजारच्या प्लॉटवरची बाई आली. तिथे इमारतीचं बांधकाम चालू होतं आणि राखणीला सुरगाण्याकडचं एक जोडपं होतं. ती आमच्याकडून पिण्याचं पाणी न्यायची, त्यातून बोलणं वाढलेलं. त्यांची मुलगी गावाकडे आश्रमशाळेत शिकत होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या स्पर्धेत पळणार होती. आईने तिला शर्यतीत पळताना कधीच पाहिलं नव्हतं. दरवेळी कामामुळे राहून जायचं.

"काकू, आता गाडी हाय का वो?" तिने दुपारी विचारलं.

"साडेचारची आहे," मी म्हणाले. "आरामात जा. जीपच्या फंदात पडू नकोस."

दोन दिवसांनी ती पाण्याला आली तेव्हा मी हौसेने विचारलं, "काय, पाहिलीस का शर्यत?"

तिने घागर खाली ठेवली. साडेचारची गाडी माझ्या निवृत्तीनंतर केव्हाच दुपारी एकवर आली होती. ती सहापर्यंत फलाटावर बसून राहिली. मग नाक्यावर गेली, तर जीपही निघून गेलेली. ती परत आली आणि पहाटेच्या गाडीने गेली. पोचली तेव्हा मैदानावरचा चुना पुसायला लागला होता.

"अगं, पण तुला जीप माहीत होती ना?"

"व्हती की. नेहमी जीपनंच जातो आम्ही. पण तुम्ही गाडीचं सांगितलं, म्हणून गाडीची वाट पाह्यली."

"आणि मुलगी?"

"दुसरी आली. पळताना सारखी मागं पाहत व्हती म्हणं, आई आली का."

हे ती रागाने म्हणाली नाही. घागर उचलून नेहमीसारखी गेली. मी मात्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. तिला रस्ता ठाऊक होता, गाड्या ठाऊक होत्या. मी उत्तर दिलं, म्हणून तिने स्वतःला ठाऊक असलेलं बाजूला ठेवलं. पहिल्या क्रमांकाचं उत्तर माणसाचं काय करतं, ते मला नियमपुस्तकाच्या कुठल्याच कलमाने इतकं समजावलं नव्हतं.

मी तडक कामाच्या लोकांना लिहिलं. माझा शेरा चुकला आहे, तो मागे घ्या. दोन ओळींचं उत्तर आलं. एकदा दिलेलं मत मागे घेता येत नाही. पण काळजी करू नका, कुणा एकाच्या मताने एखादं पान वर किंवा खाली जात नाही. पुष्कळ माणसांची मतं एकत्र करून पद्धत सुधारली की बिघडली एवढंच तपासतात. म्हणजे माझी चूक त्या ढिगात विरून जाणार होती. यंत्राची सोय झाली होती, त्या बाईची झाली नव्हती.

त्यानंतर ती डावी यादी माझ्या डोक्यातून जाईना. ज्याने तो घाट पाहिला नाही, ज्याच्या नाकातोंडात त्या रस्त्याची धूळ गेली नाही, त्या यंत्राला कसं कळलं की खरं उत्तर त्या वाकड्या फोटोच्या पानावर आहे? वेळापत्रकावरून लोक लगेच परत फिरून पुन्हा शोधत असतील का? कुठल्या शाळेने, कुठल्या दुकानाने त्या जीपच्या पानाकडे बोट दाखवलं असेल का? मला माहीत नाही. नियमपुस्तक एवढं आतलं सांगत नाही. मी विचारणाऱ्याचे शब्द पुन्हा वाचले. त्याने "काय मिळेल" असं विचारलं होतं आणि मी उत्तर लाल गाडीचं शोधत बसले होते. यंत्राला कुणाचा राग नव्हता, लोभही नव्हता. इतकी वर्षं लोकांचं ऐकून मला जे जमलं नाही, ते त्याने नुसतं वाचून केलं, आणि मला त्याच्यापुढे अगदी लहान झाल्यासारखं वाटलं. लाजही वाटली, पण खरं सांगायचं तर नवलच जास्त वाटलं.

वर्ष गेलं. इमारत चार मजले वर गेली. थंडीत पुन्हा स्पर्धा आल्या. एक दिवस सकाळी ती दारात उभी राहिली, हातात मोबाइल. तिने त्यात बोलून विचारलं होतं आणि पडद्यावर सगळ्यात वर जीपचं पान होतं. ते वेळापत्रक मी खाली खाली जाऊन शोधलं, पण मला सापडलं नाही.

"काकू, बघा बरं, हे खरं हाय का?"

मला विचारायला ती परत आली, याचंच मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. "मला ठाऊक नाही, विचारू या," मी म्हणाले आणि खालचा नंबर लावला.

जीपवाला म्हणाला, "आज बाजार हाय. बारापर्यंत भरंल. तुम्ही त्या खिडकीतल्या मॅडम का? आवाज वळखला. माइकवरून आम्हाला लय बोलायच्या तुम्ही!"

"बोलायची," मी म्हणाले. "एक बाई येते आहे. तिला उद्या सकाळी मैदानावर असायलाच हवं."

"पुढची सीट ठिवतो."

ती अकराला निघाली. दुसऱ्या दिवशी मी काम उघडलंच नाही. फोन उशाशी, मग ओट्यावर, मग पदराला बांधल्यासारखा हातात. नऊच्या सुमाराला तो वाजला. पलीकडे पोरांचा कल्ला, शिट्ट्या.

"काकू, पाह्यली! पळताना पाह्यली तिला!"

"कितवी आली?" मी ओरडून विचारलं.

"ते नाय पाह्यलं मी," ती म्हणाली. "मी तिलाच पाहत व्हते."