डिस्चार्ज

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, तेव्हा मी नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. वडील आमच्या गावच्या चर्चच्या शाळेत मास्तर. त्यांनी इंग्रजी पक्कं करून घेतलेलं, त्यामुळे मोठ्या डॉक्टरांबरोबर वॉर्डातून फिरायला मला कधी धास्ती वाटली नाही. डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी जेमतेम. विचारतील ते इंग्रजीतच.

पुणतांब्याचे एक काका पोटरीच्या जखमेसाठी दाखल होते. ऊस तोडताना कोयता लागलेला. फौजेतून निवृत्त होऊन शेती करत होते. सोबत काकू.

एका सकाळी डॉक्टरांनी काकांच्या पट्टीकडं बोट दाखवून मला विचारलं, "एनी डिस्चार्ज?"

"येस, डॉक्टर," मी म्हटलं. जखमेतून अजून पू येत होता.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले, मीही गेले. परत आले तर काकूंनी वळकटी बांधलेली, काका एका पायावर उभे राहून सदऱ्याची बटणं लावतायत.

"काका, हे काय?"

"डिस्चार्ज मिळाला न्हवं! तुमीच तर येस म्हनाला."

मी त्यांना खाटेवर बसवलं. "तो डिस्चार्ज वेगळा. जखमेतून पू येतो ना, त्यालाही डिस्चार्जच म्हणतात."

काकांना ते अजिबात पटलं नाही. "फौजेनं मला डिस्चार्ज दिला, तवा मी घरी आलो. पू न्हवता आला! एवढं राज्य केलं इंग्रजांनी, अन् शब्द कमी पडले व्हय?"

"आपले तरी कुठं पुरतात? तुमच्या पायाला लागलं. आता भूक लागली असेल. विहिरीला पाणी लागतं, पोराला नोकरी लागते. लागतं म्हणजे नक्की काय, सांगा बरं?"

काकू तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "आवं, बसा आता," म्हणाल्या आणि वळकटी सोडायला लागल्या.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना गाठून घडलं ते सांगितलं. म्हटलं, "पेशंटसमोर 'पू' म्हणत जा. एका अक्षराचा शब्द आहे." शिकाऊ मुलीनं असं बोलावं हे आमच्या मोठ्या सिस्टरना रुचलं नाही. डॉक्टर मात्र हसले, दोनदा "पू" म्हणून पाहिलं आणि त्यानंतर तसंच विचारू लागले. जखम सुकली तसे काका स्वतःच्या पायांनी चालत एसटी स्टँडवर गेले.

पुढे त्याच मोठ्या सिस्टरनी पहिल्या वर्षाच्या मुलींचं इंग्रजी माझ्याकडं सोपवलं. रविवारी प्रार्थना आटोपली की आम्ही व्हरांड्यात बसायचो. मी शब्दांचे अर्थ पाठ करून घेतले नाहीत. सांगायचे, बोलणारा कोण आहे आणि कशाकडं बघून बोलतोय ते आधी पाहा, अर्थ आपोआप कळेल.

एकीनं विचारलं, "मग पेशंट म्हणजे?"

"आजारी माणूस. आणि धीर धरणारा, असाही अर्थ आहे."

"आपल्या वॉर्डातला एक तरी धरतो का?" ती म्हणाली, आणि हसण्याच्या गोंगाटात त्या दिवशीचा वर्ग मला तिथंच सोडून द्यावा लागला.