नळीवरचा चिमटा

९ जानेवारी. सकाळी लघवीची पिशवी मोकळी करून माप वहीत लिहिलं आणि यांचं अंग ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. आमच्या ह्यांच्या मोठ्या आतड्याचा गाठ आलेला तुकडा काढून दोन टोकं जोडली होती, त्याला दोन दिवस झाले होते. आम्ही इंदापूरकडचे, ऑपरेशन बारामतीला झालं.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की वारा सरेपर्यंत आतडं जागं झालं असं समजायचं नाही, आणि ते जागं व्हायचं तर माणूस चालला पाहिजे. चालता यावं म्हणून टाक्यांशेजारी एक बारीक नळी घातलेली होती. तिच्या टोकाला मोसंबीएवढा फुगा, त्यात जखमेपुरती जागा बधिर करणारं औषध. फुगा आकसत जातो तसं औषध थोडं थोडं आत उतरतं. दुखण्यावरचं मोठं इंजेक्शन दिलं तर माणूस गुंगतो आणि आतडंही सुस्तावतं, म्हणून ही सोय. मला ते लगेच समजलं. आमच्या डाळिंबाला ठिबकच आहे.

समजलं तेच नडलं. दुपारी बारा वाजता हे गाढ झोपले होते आणि फुगा मला फारच लहान दिसायला लागला. उद्यापर्यंत पुरायला हवा होता. जमिनीत ओल असली की मी कॉक बंद करते. नळीवर पांढरा चिमटा होता, तो दाबला. उठले की उघडू, असं मनाशी ठरवलं.

तेवढ्यात भिगवणहून नणंद आली. यांची झोपमोड नको म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो.

"वारा सरला का?" तिनं बसायच्या आधी विचारलं.

"नाही अजून, वन्सं."

"तू हुकूम सोडला नसशील. तुझ्याबिगर माझा भाऊ कवा हाललाय?"

मी हसले. बोलण्यात चार वाजले आणि चिमटा डोक्यातून गेला तो गेलाच. आतून यांचं कण्हणं ऐकू आलं तेव्हा धावले. चिमटा उघडला, पण बधिरपणा काही बटण दाबल्यासारखा परत येत नाही.

"अहो, चार पावलं चालायचंय."

"तूच चाल. माझ्या पोटात कोयता चाललाय हितं."

शेवटी सिस्टरनं इंजेक्शन दिलं. हे गुंगीत पडून राहिले. संध्याकाळचं चालणं बुडालं.

सहाला डॉक्टर आले. पोट दाबून पाहिलं, ते ताठ लागत होतं. "सकाळपर्यंत ठीक होते, मग एकदम दुखणं कशानं वाढलं?" असं सिस्टरला विचारून ते माझ्याकडं वळले. जोडलेल्या जागेतून गळती झाली तर असंच दुखतं म्हणाले. आता रक्त तपासू, सकाळी स्कॅन, आणि तसंच निघालं तर पोट पुन्हा उघडावं लागेल.

उत्तर माझ्याकडं होतं आणि तोंड उघडेना. लाज होतीच, पण तेवढंच नव्हतं. मी चिमट्याचं सांगितलं आणि डॉक्टरांनी तेच कारण धरून तपासणी सोडली, आणि आत खरंच गळत असलं तर? न सांगावं, तर माझ्या चुकीपायी यांचं पोट पुन्हा फाडतील. डॉक्टर दारापर्यंत पोचले होते. मी त्यांच्या मागं धावले.

"डॉक्टर, बारा ते चार ती नळी बंद होती. मी केली."

"का?"

"औषध पुरावं म्हणून."

"ते पुरवायचं काम फुग्याचं आहे, बाई. तुमचं नाही."

"बरोबर. पण म्हणून रक्त तपासायचं थांबवू नका."

"थांबवत नाही. ताप नाही, नाडी ठीक आहे. सकाळी सहाला चालवा. पोट सैल झालं नाही तर स्कॅन करूच. सांगितलंत ते बरं केलंत."

नणंदेनं सगळं ऐकलं होतं. टोमणा मारेल असं वाटलं. तिनं नुसता माझा हात धरला. त्यानं मला जास्तच धास्ती वाटली. झोपेपर्यंत मी यांच्या कपाळाला किती वेळा हात लावून पाहिला, ते मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला यांना उठवलं. फुगा सदऱ्याच्या खिशात ठेवला, काखेत हात घातला.

"काल चिमटा मी लावला होता," मी म्हटलं.

"ठाऊक हाय. सिस्टर बोलली. मला डाळिंबात धरलंस व्हय?"

"चला आता."

व्हरांड्याच्या तिसऱ्या फेरीला हे भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाटलं, चक्कर आली. मग आवाज झाला.

"सरला," हे म्हणाले. "आता साऱ्या गावाला सांगू नगंस."

मी सिस्टरला सांगितलं, तिनं वेळ लिहून घेतली. रक्ताचा रिपोर्ट बरा आला. डॉक्टरांनी पोट दाबलं, स्कॅन तूर्त नको म्हणाले आणि दोन चमचे पाणी द्यायला सांगितलं. मी दोनच चमचे दिले, आणि ओकारी येते का ते बघत तासभर यांच्या तोंडासमोर बसून राहिले.