तोट्यातल्या घराला ज्वारी

बोथ गावातल्या आमच्या बँकेच्या शाखेत ती बाजाराच्या दिवशी यायची. नाव पासबुकावर होतं, पण मी तिला मावशीच म्हणायचो. चपला दाराबाहेर काढायची आणि मशीनवर ठेवण्याआधी अंगठा पदराला पुसायची. कापूस वेचून रेषा झिजल्या होत्या. मशीनला अंगठा कळला नाही की तीच ओशाळायची.

शाखा बंद होऊन खाती लांबच्या निर्मल शहरातल्या शाखेत जाणार, हे कळल्यावर तिनं विचारलं, “काऊन बंद करून राह्यले, बाबू?”

“तोट्यात हाय, मावशी.”

पुढच्या बाजाराला तिनं माझ्या टेबलावर ज्वारीची पिशवी ठेवली. म्हणाली, “आमच्या गावात कोनाचं घर बुडालं का समदे पायली पायली देतेत. तुमचं तं लय मोठं घर हाय.”

ठेवी थोड्या, कर्जं बारकी आणि खर्च मात्र मोठ्या शाखेएवढा, असा वरच्या ऑफिसचा हिशेब होता. तिच्यासारख्या खात्यांमुळेच आम्ही तोट्यात होतो. ते तिला माझ्याच्यानं सांगवलं नाही. ज्वारी काढून घेऊन पिशवी परत देऊ लागलो.

“राहू द्या,” ती म्हणाली. “निर्मलले येईन तवा नेईन.”

आता मी निर्मलच्या शाखेत बसतो. पिशवी खणात घडी करून ठेवली आहे. ती अजून आलेली नाही.