बुंदीसाठी सांगितलेली मुलं

शेलूबाजारला सुगनचंद शेठजींच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जानराव कारकून होते. बी.कॉम., दुसरा वर्ग. ही गोष्ट कोणी विचारल्याशिवाय सांगायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि कोणी विचारलं नाही की पाचव्या मिनिटाला ते स्वतःच सांगत.

इतर जिनांत कामगारांची नावं एखाद्या फाटक्या वहीत असत. जानरावांनी प्रत्येकाचं जाड पिवळं कार्ड केलं होतं. नाव, गाव, लग्नाचं साल, मुलं किती, त्यांची नावं काय. अशी त्र्याण्णव कार्डं पत्र्याच्या पेटीत वर्णानुक्रमे लावलेली. मुलांचा रकाना दिवाळीसाठी होता. शेठजी प्रत्येक मुलामागे बुंदीचा एक पुडा देत, म्हणून दसरा झाला की जानराव एकेकाला बोलावून विचारत आणि तो सांगेल ते सुवाच्य अक्षरात लिहीत. सुवाच्य लिहिलेलं खोटं असू शकतं, हे त्यांना वाणिज्य शाखेत कोणी शिकवलं नव्हतं.

शहात्तर सालच्या हिवाळ्यात, आणीबाणी चालू असताना, एक साहेब जीप घेऊन आले. नसबंदीच्या शिबिराला माणसं हवी होती. तीन किंवा जास्त मुलं असलेल्या कामगारांची यादी त्यांनी शेठजींकडे मागितली.

"आमच्याकडं कार्डं आहेत," शेठजी म्हणाले.

बाहेरच्या माणसानं आपली कार्डं मागावीत, याची जानराव अकरा वर्षं वाट बघत होते. त्यांनी अर्ध्या तासात एकोणीस नावं काढली, वर समासही सोडला. साहेब म्हणाले, "वा, असं काम पाहिजे." गुरुवारी जीप येणार होती, तोवर यादी जानरावांच्याच टेबलात राहिली. जानराव घरी जाऊन बायकोला, गोमतीबाईला, ते "वा" दोनदा ऐकवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलापुढे शालिकराम उभा राहिला. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणारा पंचविशीचा पोरगा. मागे त्याची आई प्रयागबाई, तीही इथंच कापूस निवडायला होती.

"बाबू, माहं नाव यादीत आलं म्हनते. मले तं एकच पोरगी हाये."

जानरावांनी कार्ड काढलं. "गंगा, जमुना, गोदा, तापी. चार."

"गंगा खरी हाये. बाकीच्या बुंदीसाठी."

जानरावांनी कार्ड पुन्हा पाहिलं. लग्नाचं साल चौऱ्याहत्तर. दोन वर्षांत चार मुली, आणि जुळी असल्याची नोंद नाही. हे दोन आकडे एकाखाली एक त्यांच्याच हातानं लिहिलेले होते. त्यांनी ते कधी एकत्र वाचले नव्हते. अक्षर मात्र फार छान आलं होतं.

"दुरुस्तीसाठी अर्ज करा लागते," ते म्हणाले.

प्रयागबाई पुढं आली. "बाबू, तुमी इचारलं बुंदीसाठी. आमी सांगतलं बुंदीसाठी. आता त्याच आकड्यावर माह्या पोराले कायले नेऊन राह्यले? आमाले तवा सांगतलं होतं का तुमी?"

"नाही सांगितलं."

"मंग?"

या "मंग"ला जानरावांकडे रकाना नव्हता. एकट्या शालिकरामचं नाव खोडता आलं असतं. पण बाकीच्या अठरांपैकी ज्यांनी मुलं खरी सांगितली असतील, त्यांनीही ती बुंदीसाठीच सांगितली होती. दोन दिवस त्यांनी यातून पळवाट शोधली. ती सापडली असती तर कार्डांची अब्रू राहिली असती.

गुरुवारी साहेब आले, तेव्हा जानराव शेठजींसमोर उभे राहून म्हणाले, "यादी देता येणार नाही. कार्डं खोटी आहेत."

"किती खोटी?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

शेठजींनी चष्मा काढला. "जानराव, मग अकरा वर्षं तुमी काय करून राह्यले होते?"

"सुवाच्य लिहीत होतो," जानराव म्हणाले.

साहेब चिडले. "मग जीप रिकामी नेऊ? तुमची स्वतःची मुलं किती?"

"चार," जानराव म्हणाले, आणि सवयीनं चौघांच्या जन्मतारखाही सांगून बसले. त्र्याण्णव कार्डांच्या त्या कारखान्यात बिनचूक माहिती एकाच माणसाची निघाली, आणि त्याचं कार्ड नव्हतं. त्यांनी यादी फाडून खिशात घातली आणि जीपमध्ये जाऊन बसले. साहेबांना त्या दिवशी तेवढ्यावर भागवावं लागलं.

आठ दिवसांनी जानराव जपून पावलं टाकत कामावर आले. आल्याबरोबर त्यांनी सगळ्या कार्डांवरचा मुलांचा रकाना शाईनं काळा केला.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी एक कोरा कागद पुढे घेऊन प्रयागबाईला बोलावलं. "शालिकरामले मुलं किती?"

"कायले पायजे?"

"बुंदीसाठी."

"अन् मंग कोनाले दाखवसान?"

"कोणाले नाही. दिवाळी झाली की फाडून टाकीन."

"तसं लिवून द्या."

तिला वाचता येत नव्हतं. तरी जानरावांनी दुसऱ्या कागदावर तसं लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. तिनं कागदाची घडी करून बटव्यात ठेवली.

"आता सांग, किती?"

"पाच," प्रयागबाई म्हणाली.

जानरावांनी पाच लिहिले.