कळी कोणी सोलली

त्या ऑक्टोबरात माझा तिघांवर संशय होता. शेजारच्या प्लॉटवरचे सहकारी, रात्रीचा राखणदार आणि माझ्याबरोबर काम करणारी मजूर बाई. ती पिंगळीहून पॅसेंजरनं यायची. वयानं मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायचे. तिघांच्या येण्याजाण्याच्या वेळा मी वहीत टिपत होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. परभणीजवळच्या शेती संशोधनाच्या फार्मवर, कापूस विभागात, मी एकटीच बाई संशोधक. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एक हंगाम देतो. संकर धरला नाही तर ऑफिसात बियाण्याची पाकिटं भरायला बसा. बायकांना सावलीतलं काम बरं."

काम असं होतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर निवडायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे, वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावून देठाला दोरा बांधायचा. चार-पाच दिवसांत बोंड धरतं किंवा सगळं गळून पडतं.

शेजारचे सहकारी त्या टोप्या बघून रोज विचारायचे, "काय बाई, कपाशीला हळदीकुंकू का?"

माझी निम्मी फुलं गळत होती. काही दोऱ्यासकट जमिनीवर मिळायची, काही मिळायचीच नाहीत. कोणीतरी तोडतंय, याची मला खात्री होती. सहकाऱ्यांना विचारण्याची हिंमत नव्हती. राखणदार दिवसा भेटत नव्हता. मग राहिली ती मावशी.

"मावशी, ओटी झटकून दाखवा."

तिनं ओटी सोडली. अर्धी भाकरी आणि तंबाखूची पुडी.

"बघा नीट," ती म्हणाली. "कपाशीची फुलं न्हाई खात आमी."

माझं समाधान झालं नाही. तिच्या ओळींत गळ जास्त निघेल आणि ती पकडली जाईल, या हिशेबानं मी वहीत एक रकाना वाढवला: कळी कोणी सोलली. तोवर आम्ही दोघी हाताला येईल ती ओळ घेत होतो. आता प्रत्येक ओळीपुढे तिचं किंवा माझं नाव येऊ लागलं.

आठ दिवसांनी बेरीज केली. तिच्या ओळींत बोंडं धरली होती. गळ सगळी माझ्या ओळींत होती. मी दोनदा तपासलं. तिनं माझ्याच ओळी मुद्दाम तोडल्या असतील, असंही एकदा मनात आलं. पण तिच्या गाडीची वेळ वहीत होती. मी फार्मवर नसताना ती कधी थांबलीच नव्हती.

बांधावर जाऊन मी तिला विचारलं. तिनं माझा हात उलटा करून पाहिला.

"नख पार कापलंय तुमी. बोथट नखानं दाबायलाव, मंग आतलं कोवळं बोंड चेंगरतंय. सोलायचं असतंय, दाबायचं न्हाई. गळलेलं मंग वारं नेतंय."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं का तुमी? तुमी तर ओटी बघायलाव. आन् लय शिकलेल्या बाईला आमी काय सांगावं?" मग शेजारच्या प्लॉटकडे मान हलवून म्हणाली, "त्या सायबाचे खिसे बघितले का?"

मी नव्हते बघितले.

शनिवारी साहेब वही बघणार होते. तो रकाना गाळून पानं नव्यानं उतरवायला तासभर पुरला असता. गळ किडीच्या नावावर सहज खपली असती. मी नवी वही काढलीही. पण ती फसवणूक झाली असती, आणि गळीचं खरं कारण कोणालाच कळलं नसतं. मी जुनीच वही नेली.

साहेबांनी बोट ठेवून ओळी वाचल्या. "म्हणजे चूक तुमचीच?"

"हो."

"मजूर बाईला जमतं ते तुम्हांला जमत नाही?"

"अजून नाही. हंगामाचे पंधरा दिवस आहेत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू यात काही डाव आहे. मग शेजारच्या सहकाऱ्यांना हाक मारली. "तुमच्या वहीत हा रकाना कुठंय?" सहकारी आपली वही चाळू लागले. "सोमवारपासून सगळ्यांनी ठेवायचा. बाई, पंधरा दिवस. पुढचं तेव्हा बघू."

सोमवारी दुपारी मी मावशीच्या समोर, कपाशीच्या झाडापलीकडे बसले. आधी ओटीबद्दल माफी मागितली. तिनं एक फांदी माझ्याकडे वाकवली. मी अकरा कळ्या सोलल्या. तिनं एकेक वाकवून पाहिली, सात खुडून खाली टाकल्या.

"ह्या चारीला टोप्या घाला," ती म्हणाली.