तिच्या सदाफुलीचं पाणी

सदाफुली मारायला माणूस माझ्यासारखाच लागतो. ती भिंतीच्या फटीत उगवते, गटाराच्या कडेला उगवते, कोणी ढुंकून बघत नाही तरी फुलते. मी तिला चार महिन्यांत मरणाला टेकवली.

माझी शाळा सातवीपर्यंत. मग जन्मभर मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर उभा. झाडांतलं कळायचं ते बायकोला. तरसालीच्या आमच्या घराच्या गॅलरीत तिनं तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ही जांभळ्या फुलांची सदाफुली लावली. डब्याला खालून भोकं पाडून दिली, माझं काम तेवढंच. गॅलरीत दिवसभर ऊन. मे महिन्यात तिथं अनवाणी पाय टेकवत नाही, आणि हे झाड तिथं फुलांनी भरलेलं. ती त्याचे शेंडे खुडायची, शेजारणींना रोपं वाटायची. पाणी किती देते, कधी देते, मी कधी विचारलं नाही.

मग तिच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात नर्सनं बाटलीवर पेनानं रेघ मारली. "काका, दिवसभरात पाणी इथपर्यंतच उतरू द्या, याच्या खाली नाही."

ती म्हणायची, "अहो, एक घोट द्या."

"नाही."

"त्या पोरीला काय कळतंय. तोंड सुकलंय माझं."

"नाही म्हणजे नाही."

एकदा वैतागून म्हणालो, गप पड, मरायचंय का तुला? त्यानंतर तिनं मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. बाटलीत पाणी रेघेच्या वर शिल्लक होतं. तिच्या वाट्याचं होतं ते, द्यायला हरकत नव्हती. मी पाहिलंच नाही.

आमच्यात माणूस गेलं की घरात त्याच्या जागी दिवा लावतात आणि पाण्याचा तांब्या ठेवतात. रोज जुनं पाणी झाडाला घालायचं, नवं भरायचं. तेराव्याला सगळं उचलायचं. मी दिवा उचलला, तांब्या राहू दिला. मुलगी सासरी, हरणीला राहते. ती म्हणाली, "बाबा, आता ठेवायचा नसतो तो." मी म्हणालो, तू तुझ्या घरचं बघ.

सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. सगळं पाणी सदाफुलीला. गॅलरीत एकटी नको म्हणून डबा आत आणला, फोटोखाली ठेवला. फरशीवर पाणी यायला लागलं तेव्हा डब्याची भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बंद केली. गळती थांबवायची सवय, हात लगेच चालला. चांगली पक्की भरली.

पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं तहानलीय. दुपारचा तांब्याही सुरू केला.

खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन खिचडी घेऊन आल्या आणि दारातच नाकाला पदर लावला. "काका, आ शुं कर्युं, काय केलं हे? बारमासीला, या सदाफुलीला, घरात कोंडलं? झाडाला पण सुतक पाळायला लावता?"

त्यांनी डबा तिरका केला. काळं पाणी आलं, मेल्या उंदरासारखा वास.

"मुळं सडली. फेकून द्या. काकींनी दिलेली माझ्याकडे आहे ना, त्यातली काढून देते."

"ती नको. ही तिच्या हातची आहे."

"माझी पण त्यांच्याच हातची छे."

"बेन, हीच पाहिजे."

त्यांनी डबा सरळ केला. मग म्हणाल्या, "तर मग तडक्यात, उन्हात ठेवा. आणि पाणी बंद. एकदम बंद."

पाणी बंद. हे या जन्मात मला पुन्हा कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

लांबी स्क्रूड्रायव्हरनं फोडून काढली. कुजलेली मुळं कापली, राहिली ती मूठभरही नव्हती. वाळू मिसळून कोरडी माती भरली आणि डबा गॅलरीत ठेवला. आज नववा दिवस. दुपारी ती मान टाकते. तहानेनं टाकते की कुजून, मला कळत नाही. झाड बोलत नाही आणि बोलणारी होती तेव्हा मी ऐकलं नाही.

काल तांब्या भरून झाडासमोर उभा राहिलो. हात तिरका झालाच होता. तसाच खाली गेलो आणि बेनच्या हातात दिला. "हा तुमच्याकडे ठेवा. मी मागितला तरी देऊ नका."

"किती दिवस?"

"मला काय माहीत."

त्यांनी पाणी मोरीत ओतलं, तांब्या ओट्यावर पालथा घातला. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, फांदी नखानं खरवडून बघा, आत हिरवी असेल तर जीव आहे.

चार फांद्या आहेत. तीन खरवडल्या. तिन्ही आतून काळ्या.

चौथीला अजून नख लावलेलं नाही.