नोहाच्या घरचा चिखल

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. चर्चचा पाळक होतो तोवर इभ्रतीचं कारण होतं. आता उपदेशही सुटला आणि कारणही.

शिकताना आम्हाला बजावलं होतं, देवाचं वचन लोकांच्या रोजच्या जगण्याला भिडलं पाहिजे. मी भिडवायचो. पोलादपूरकडच्या डोंगरवाडीत झरा आटला की येशूच्या जिवंत पाण्यावर बोलायचो, आणि घसा सुकला की तिथल्याच बायांच्या हंड्यातलं पाणी प्यायचो.

महाडात सावित्री नदी पुराने घराघरांत शिरली, तेव्हा मंडळीतले काही पुरुष घेऊन मी आमच्यातल्याच एका विधवेकडे गेलो. ब्लाउज शिवून ती पोट भरायची. खोलीत गुडघाभर चिखल आणि त्यात रुतलेली शिलाई मशीन. पुरुषांनी फावडी आणली होती. मी सगळ्यांना गोल उभं केलं, हात धरायला लावले. फावडी अर्थातच खाली ठेवावी लागली. मग बायबलातल्या जलप्रलयाचा नोहा सुरू केला. पाऊस, तारू, कबुतर.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "पानी उतरल्यावर नोहाच्या घरचा चिखल कुनी काढला, ते लिवलंय काय?"

माणसं हसली. मला राग आला आणि मी प्रार्थना लांबवली. आमेन होतंय तोच नाक्यावर मदतीचा ट्रक आल्याची हाक आली. माणसं तिकडे पळाली, मीही. शेवटी शेजारच्या बौद्धवाडीतल्या लोकांनी तिची खोली उपसली. तोवर मशीन गंजली होती. चाक फिरेना.

मला मात्र उपदेशासाठी दृष्टान्त मिळाला. वरंधला सांगितला, तुडीलला सांगितला. दर वेळी चिखल वाढत गेला. पुढे पुढे तर मशीन मीच खांद्यावर घेऊन बाहेर काढू लागलो. एका रविवारी महाडातच तो रंगवला. ती मागच्या बाकावर बसली होती, हे मला दिसलं नाही.

उपासना संपल्यावर दारात गाठून म्हणाली, "मशीन काढलीत म्हनं. मग कुठं ठेवलीत? आनून द्या की. हातशिलाईनं बोटं गेली माजी."

आठवड्याने तिच्याकडे गेलो, माफी मागायची असं ठरवून. तिने चहा दिला. मी कप ठेवला, घसा खाकरला, आणि तोंडातून आलं, "आपण प्रार्थना करू या."

तिने डोळे मिटले नाहीत. म्हणाली, "करा. मी काजं करते तोवर."

पुढे ती मुलीकडे मुंबईला गेली, तिथेच वारली. सांगायचं एवढंच होतं: बाई, मशीन मी उचलली नाही. फावडी मीच खाली ठेवायला लावली. चुकलो.